वेशीच्या आतली तलवारवाली

गॅरेजातल्या चौघा मेकॅनिकांची पैज लागली होती. गेममधला आपला योद्धा एकदा मेला की मेला, दुसरा जन्म नाही. सगळ्यांत शेवटपर्यंत टिकेल तो जिंकला. हातून हयगय होऊ नये म्हणून हेडमेकॅनिकने आपल्या तलवारवालीला चक्क बायकोचं नाव दिलं.

दोघांचे योद्धे पहिल्याच जंगलात गारद झाले. हेडमेकॅनिकची तलवारवाली मात्र ठणठणीत होती, कारण त्याने तिला गावाच्या वेशीबाहेर पाऊलच टाकू दिलं नव्हतं.

“बघ, कसं जपलंय तुला! साधा ओरखडा नाही,” घरी त्याने बायकोला स्वयंपाकघरातून बोलावून कौतुकाने स्क्रीन दाखवला.

“मग ही दिवसभर करते काय?”

“पाणी भरते, पाव भाजते, झोपते.”

“आणि तलवार?”

“ती खुंटीला. आता एकाचाच योद्धा उरलाय. तो मेला की आपण जिंकलो.”

“ते मागे डोंगर कसले दिसतात?”

“तिकडे ड्रॅगन आहे बाई. एका फटक्यात जीव जाईल, अन् माझी पैजही.”

बायकोने ओले हात पुसले, खुर्ची ओढली आणि त्याच्या हातातला कंट्रोलर काढून घेतला.

“वेशीचं दार कुठल्या बटणाने उघडतं?”