वीसपैकी वीस

इस्पितळातल्या खाटेवर आत्याने उशीखालून गोळ्यांची बाटली डाव्या हाताने काढली आणि भाचीच्या हातात दिली. बाटली निम्म्याहून जास्त भरलेली होती.

"इथे येण्याआधी अकरा दिवस घेतली नव्हती," आत्या म्हणाली. "डॉक्टरांना मी सांगितलंय, विसरले. तूही तेच सांग."

तिचा उजवा हात चादरीवर पडून होता, दुसरं कुणी तिथे विसरून गेल्यासारखा. रक्तदाब चढला आणि तो हात गेला, त्याला आज आठवडा झाला होता.

"पण विसरली नव्हतीस."

"मी काही विसरत नाही, ठमे. माझ्या वर्गातलं एकेक कार्टं अजून आडनावासकट पाठ आहे मला."

बाटली जुनीच होती. डॉक्टरांनी गोळी निम्मी केली तेव्हा दवाखान्यातल्या कंपाउंडरने तिच्यावर नवी चिठ्ठी चिकटवली होती. चिठ्ठीवर एक पांढरी गोल गोळी आणि तिच्यावरून गेलेली तिरपी रेघ. अर्थ, अर्धी गोळी. हे चित्र भाचीनेच काढलेलं होतं. वाचता न येणाऱ्यालाही कळावं म्हणून तिच्या डिझाइन स्टुडिओने अशी सहा चित्रं केली होती. वापरून बघायला म्हणून पहिल्या चिठ्ठ्या याच दवाखान्याला दिल्या होत्या. सोमवारी चाळीस हजार छापायला जायच्या होत्या.

"यात तुला काय दिसलं?" भाचीने विचारलं.

"काट. तीस वर्षं चुकलेल्या उत्तरावर मी अशीच रेघ मारली. म्हटलं, ही गोळी बंद केली."

"पण मी घरी येऊन तुला सगळी चित्रं दाखवली होती. समजलं का म्हणून विचारलं होतं."

"विचारलंस की."

"तू हो म्हणालीस."

"अगं, तू नटूनथटून, फाइल काखेत मारून, ऑफिसातली दोन माणसं घेऊन आलीस. त्यांच्यादेखत नाही म्हणू? आणि मला वाटलं, समजलंय. काय समजलं, ते तू कुठे विचारलंस?"

ते विचारायला भाचीला सांगण्यात आलं होतं. स्टुडिओच्या परदेशातल्या मुख्य ऑफिसच्या साहेबाने लेखी कळवलं होतं, चित्राचा अर्थ प्रत्येकाला स्वतःच्या शब्दांत सांगू द्या. तिने उलट कळवलं की आमच्याकडे वडीलधाऱ्यांची अशी तोंडी परीक्षा घेणं उद्धटपणाचं दिसतं, आम्ही आमच्या पद्धतीने विचारू. दुसऱ्यांच्या रीतीभातीत आपण नाक खुपसू नये, असं मानणारा तो माणूस होता. त्याने लगेच मान्य केलं. वीस जणांना विचारून झालं, त्या निकालाच्या दिवशी मात्र तो स्क्रीनवर जरा घुटमळला होता.

"वीसपैकी वीस? आमच्याकडे कधी बारा-तेराच्या वर जात नाही."

"आमच्याकडची माणसं हुशार आहेत, सर," ती म्हणाली होती. दोन्हीकडचे सगळे हसले होते.

भाचीने फोन काढला. साहेबाला 'छपाई थांबवा' एवढं लिहिलं. पुढे 'एका चित्रात किरकोळ बदल आहे' असं लिहिलं आणि खोडलं. मग लिहिलं, 'वीसपैकी किती जणांना समजलं, मला माहीत नाही.'

"कुणाला कळवतेयस?" आत्या म्हणाली. "नोकरीवर धोंडा पाडून घेशील. माझं काय, डाव्या हाताने जेवायला जमायला लागलंय मला."

भाचीने निरोप पाठवून दिला.

घरी सोडण्याचे कागद घेऊन सिस्टर आली. उभ्याउभ्याच तिने सकाळच्या, दुपारच्या, रात्रीच्या गोळ्या भराभरा वाचून दाखवल्या.

"समजलं ना, आजी?"

"हो, अगदी छान."

"आत्या," भाची म्हणाली, "दुपारी कुठली घ्यायची?"

आत्याने सिस्टरकडे पाहिलं, मग भाचीकडे. बाकावर उभं केलेल्या पोरासारखा तिचा चेहरा झाला.

"असं काय गं, परक्यांसमोर," ती हळूच म्हणाली.

"दुपारी कुठली, आत्या?"

आत्या खिडकीकडे बघत राहिली. सिस्टरला अजून चार खाटा उरकायच्या होत्या. "घरी सांगा हो तुम्ही त्यांना," ती भाचीला म्हणाली आणि कागदावर बोट ठेवलं. "सगळं समजलं म्हणून इथे सही करा, आजी."

आत्याचं अक्षर असं की फळा पुसायला मुलं कचरायची. तिने पेन डाव्या हातात घेतलं, नावाचं पहिलं अक्षर काढायला टेकवलं. पेन घसरलं. कागदावर एक तिरपी रेघ उमटली.

सिस्टरने कागद ओढून घेतला.

"चालेल," ती म्हणाली.