दुसरं पाणी

संभाजीनगरला होस्टेलवर राहणारी योगिनी उन्हाळ्यात जर्मनीला जाऊन तीन आठवडे पर्यावरण शिकून आली. निघताना तिथं शिकवणाऱ्या बाईंनी तिला पाणी तपासायच्या पट्ट्यांची डबी दिली. पैठण रोडला, कारखान्याच्या मागं, मेंढरं पाळणाऱ्या तिच्या लोकांची वस्ती. घरी पोचली तशी ती आधी विहिरीवर गेली अन् पट्टी पाण्यात बुडवली. पट्टीचा रंग डबीवरच्या धोक्याच्या रंगावर जाऊन थांबला.

शेजारी तिची आजी, वच्छलाबाई, त्याच विहिरीचं पाणी हंड्यात ओतत होती.

"आजी, हे पाणी प्यायचं नाय. विष हाय यात."

"ठावं हाय. दोन वरसं झाली, मेंढरांनी तोंड लावायचं सोडलं तवाच कळलं. तुझा बाप रोज बैलगाडीनं दोन कोसांवरून टाकीभर चांगलं पाणी आणतो."

योगिनीच्या जिवात जीव आला. "मग हा हंडा कशाला भरतीस?"

आजीनं चुंबळ डोक्यावर नीट केली अन् हंडा उचलला.



"ती टाकी मेंढरांची हाय, माय. ती ह्या पाण्याला तोंड लावत नायत. आपून लावतो."