मूठभर तूरडाळ

लाखांदूरला बदली झाली. मास्तर गाव पाहायला निघाले, तेव्हा बायकोने रुमालात मूठभर तूरडाळ बांधून दिली. “तिथल्या पाण्यात ही शिजली तरच मी येईन. नाहीतर तुम्ही एकटेच राहा.” एसटीतून उतरल्यावर विहिरीवर पाणी शेंदणाऱ्या सत्यभामाबाईंना त्यांनी हे अडखळत सांगितलं. त्या हसल्या. “लोक पोरगी पाहाले येतेत, तुमी पानी पाहाले आले का जी?” मग मास्तरांना घरी नेऊन त्यांनी विहिरीच्याच पाण्यात चुलीवर डाळ चढवली. तासाभरानेही दाणे टणकच होते. मास्तरांचा चेहरा पडला. सत्यभामाबाई म्हणाल्या, “हिरीच्या पान्यात नाई शिजत जी, हेच दाखवाचं होतं तुमाले! दाळीसाठी आमी तलावाचं पानी आनतो. रोज साऱ्या बाया मिळून जातो, हसत-बोलत. तुमच्या बाईलेबी नेऊ.” वर्ध्याच्या खोलीत दिवसभर कुणाशीही न बोलता बसणारी बायको मास्तरांना आठवली. त्यांनी तिथल्या तिथेच विचारून टाकलं, “बाई, तुमच्या शेजारी एखादी खोली मिळेल का?”