तीन पुस्तकांतली तीन पानं

शाळेच्या वाचनालयातल्या बाईंचा पारा चढला होता. मुख्याध्यापकांच्या मागे हात धुऊन लागून त्यांनी परीकथांची रंगीत चित्रांची पुस्तकं मागवली होती, आणि तिसरीतल्या एकाच मुलीने महिन्याभरात त्यातल्या तीन पुस्तकांतलं एकेक पान फाडलं होतं.

"अगं, ही पुस्तकं आहेत की रद्दी? चित्रं भिंतीवर चिकटवलीस ना?"

मुलीने दप्तर छातीशी घट्ट धरलं.

"बोल, नाहीतर तुझं कार्ड बंद! पुन्हा एक पुस्तक मिळायचं नाही."

कार्डाचं नाव निघताच मुलीने दप्तर उघडलं आणि वहीत नीट जपून ठेवलेली तिन्ही पानं टेबलावर ठेवली. एका चित्रात सावत्र आई मुलीला अंधाऱ्या खोलीत कोंडत होती, दुसऱ्यात जंगलात सोडून चालली होती, तिसऱ्यात तिची बाहुली चुलीत टाकत होती.

"भीती वाटली म्हणून पानं फाडायची?" बाई कडाडल्या. "अशाने एक गोष्ट धड उरणार नाही!"

"मला नाही वाटत भीती!" मुलगीही फणकारली. "पण मला गोष्टी आमची नवी आई वाचून दाखवते."

"मग?"

"मग काय! ती चांगली आहे हो बाई, पण आत्ताच तर आलीय. हे वाचून तिला वाटलं, की असंच वागायचं असतं, तर?"