श्रीपुढची चांदणी

श्री लिहून सुरू केलेल्या कामाला विघ्न शिवत नाही. म्हणूनच किन्हवलीकडच्या एका शेतकरी सोसायटीत संगणक सांभाळणारी रेश्मा प्रत्येक फोल्डरमध्ये आधी ‘श्री’ नावाची कोरी फाईल ठेवायची. नवा संगणक आला, तेव्हा फायली त्यात उतरवताना हा कोरा ढीग मागेच राहावा म्हणून तिने वगळायच्या नावांत ‘श्री’ लिहिलं आणि पुढे चांदणी (*) मारली. चांदणी म्हणजे पुढे काहीही असो, वगळ. हे तिला जुना संगणक पुसून झाल्यावर आठवलं. पुरुष सभासदांच्या फायली ‘श्री. धाकलू’, ‘श्री. वाळू’ अशाच होत्या. नव्या संगणकात एकही गडी नव्हता, नुसत्या ‘सौ.’ होत्या. आणि पेरणीचं बियाणं फाईल बघूनच मिळायचं.

चेअरमन साईनाथशेठ आत आले. नोकरी गेली असं धरूनच ती म्हणाली, “काका, गड्यांची एक पण फाईल नाय आली.”

“बायकांच्या आल्या ना? मंग घाबरतेस कशाला गो?” शेठ हसले. “बायकांना बियाणं अर्ध्या भावात म्हटल्यावर आमी सगल्यांनी शेतं बायकोच्या नावावर केली. गड्यांच्या फायलीत हाय काय?”

रेश्माच्या जिवात जीव आला. शेठ चहा पिऊन गेल्यावर तिने विधवांच्या फायली शोधल्या. एकही आली नव्हती. त्या सगळ्या ‘श्रीमती’ने सुरू होत होत्या.

त्यांचं विचारायला कोणी आलं नाही.