दुसरी डिस्क

रोहिदासने भंगारातून उचललेला जुना कॉम्प्युटर घरघरला आणि त्यावर डिस्कवरचा जुना सिनेमा सुरू झाला, तसा विजयाने डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर सरकवला. चष्म्यात ज्याला त्याला त्याच्या आवडीचाच सिनेमा दिसायचा. त्यामुळे सोळा वर्षं दोघं नवरा-बायको एकाच सोफ्यावर बसून वेगवेगळ्या जागी हसत होते आणि जेवताना बोलायला काही उरत नव्हतं.

"अहो, हा माझ्यासाठी बदलत का नाही?" विजयाची चुळबुळ चालली होती.

"बदलत नसतो. मला दिसतं तेच तुला."

नायिका पेटी घेऊन स्टँडवर उभी राहिली, एसटी सुटायला आली आणि पडदा काळा झाला.

"पुढचं दुसऱ्या डिस्कवर," रोहिदास म्हणाला.

"तो हिरो येतो ना पण?"

"कसला येतोय! आईला घाबरणारा गडी."

"येणार. स्वतः भिजून छत्री दिली होती तिला."

"छत्री काय, मीपण दिली होती शेजारणीला."

"कुठल्या शेजारणीला?" विजयाने चष्मा काढून बाजूला ठेवला आणि त्याच्याकडे वळून मांडी घातली. "सांगा. आणि ती डिस्क शोधा आधी."

"शोधतो की," म्हणत रोहिदास एकेक खण उगाच उघडत, लावत राहिला. डिस्क त्याच्या सदऱ्याच्या आत पोटाला गार लागत होती.