बटणांचा डबा

"पहिलीच सिस्टिम घ्या," मॅडम म्हणाल्या. "दिसायला सुबक आहे, मुलांना आवडेल. तिसरी नको बाई, फार किचकट."

समितीत सात जण होते. कॉलेजच्या ऑनलाइन वर्गांसाठी नवी सिस्टिम निवडायची होती. याआधी दोन होऊन गेल्या होत्या. सगळ्यात जुनी चौदा वर्षांपूर्वीची, जेमतेम असाइनमेंट जमा करण्यापुरती. तिची आता कोणाला आठवणही नव्हती. सध्याची रोज मान टाकत होती. तीन कंपन्यांच्या नव्या सिस्टिम बघून झाल्या होत्या. विभागप्रमुखांनी मॅडमकडे पाहिलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "मला तिसरीच योग्य वाटते."

मॅडमनी चेहरा पाडला. आतून आनंदाच्या उकळ्या फुटत असताना तो पाडायला बरेच कष्ट पडले. आपण पूर्व म्हटलं की हा माणूस पश्चिम म्हणतो, हे त्यांनी चार वर्षांत ओळखलं होतं. बाकीच्यांनी प्रमुखांच्या मागे माना डोलावल्या.

चार वर्षांपूर्वी याच माणसाने त्यांचे चाळीस पाठ उचलले होते. संभाव्यतेचे पाठ, घरातल्या बटणांच्या डब्यावर रचलेले. डोळे मिटून डब्यात हात घातला तर लाल बटण लागण्याची शक्यता किती, इथून सुरुवात. पुढे दोन भोकांची, चार भोकांची, तुटकी, काढून परत डब्यात टाकलेली बटणं. गणित म्हटलं की पोटात गोळा येणारी मुलंही त्या डब्यात रमायची. प्रमुखांनी वरचं नाव बदललं, आतलं एक बटणही हलवलं नाही, आणि त्या पाठांच्या जोरावर मॅडमना मिळणारी खुर्ची पटकावली. सध्याच्या सिस्टिममध्ये शेवटचं नाव तेवढं दिसायचं. मॅडम तक्रार घेऊन गेल्या तेव्हा संचालकांनी एकच शब्द विचारला, "पुरावा?"

तेव्हापासून त्यांच्या मनात आग होती.

"ताई, दोन वर्षांनी निवृत्त होशील. सोड ना आता," धाकटी बहीण फोनवर म्हणायची.

"त्याची चारचौघांत नाचक्की झालेली बघेन, मग सोडेन."

तिसऱ्या सिस्टिमची खुबी त्यांना चावीवालीने सांगितली होती. चावीवाली म्हणजे कॉम्प्युटर रूम सांभाळणारी बाई. कॉलेजचे सगळे पासवर्ड आणि निम्म्या खोल्यांच्या किल्ल्या तिच्याकडे, म्हणून हे नाव. ती इथलीच जुनी विद्यार्थिनी. शिक्षण अर्धवट राहिलं आणि इथेच नोकरीला लागली. किल्ल्यांच्या जुडग्याला तिचं तेव्हाचं ओळखपत्र अजून लटकत असे. फोटो पुसला होता, हजेरी क्रमांक ४७ शाबूत होता.

"तिसरीत प्रत्येक पाठाखाली 'घडण' म्हणून एक पान आहे, मॅडम," ती म्हणाली होती. "फाइल मुळात कुठून आली, कोणी चढवली, कोणी काय बदललं, सगळं दिसतं. पुसता येत नाही."

"कोणालाच?"

"कोणालाच."

निवड झाली तशा मॅडम तडक कॉम्प्युटर रूममध्ये आल्या. घाईत कोटाचं मधलं बटण तुटलं होतं, तिथे पिन खोचलेली. चावीवालीने खणातून सुईदोरा काढला. "आणा, दोन टाके घालते. आई शिवणकाम करायची, हाताला सवय आहे."

"घाल बाई. मला मेलीला सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही." मॅडमनी कोट काढून दिला. "आणि तो बघ, म्हणे बटणांचा डबा माझा! त्याच्या सात पिढ्यांत कोणी बटण शिवलं नसेल!"

चावीवाली खाली मान घालून टाके घालत राहिली. मग म्हणाली, "पाठ नव्या सिस्टिममध्ये हलवायचेत. नुसते हलवू की मागच्या नोंदींसकट?"

"नोंदींसकट! त्यासाठीच तर एवढा खटाटोप."

"किती मागे जाऊ?"

"पार पहिल्या दिवसापर्यंत जा. एक ओळ गाळू नकोस."

"तसं लेखी द्याल? नंतर कोणी माझ्यावर यायला नको."

मॅडमनी उभ्या उभ्या लिहून दिलं आणि झोकात सही ठोकली. चावीवालीने दाताने दोरा तोडला.

उद्‌घाटनाला सभागृह गच्च भरलं होतं. पहिल्या रांगेत संचालक, व्यासपीठावर प्रमुख. कॉम्प्युटरपाशी चावीवाली. पडद्यावर पहिला पाठ उघडला, वर प्रमुखांचं नाव. टाळ्या पडल्या.

"सर, ते 'घडण' पान पण दाखवा ना," मॅडम खालून गोड आवाजात म्हणाल्या. "तिसऱ्या सिस्टिमची खरी कमाल तीच आहे."

प्रमुखांना त्या पानाचा पत्ताच नव्हता. ते ऐटीत म्हणाले, "दाखवा, दाखवा."

पडद्यावर पहिली ओळ आली. चार वर्षांपूर्वी, विभागप्रमुख: फक्त नाव बदललं. सभागृहात कुजबुज सुरू झाली. दुसरी ओळ आली. तेरा वर्षांपूर्वी, मॅडमचं पूर्ण नाव: पाठ चढवला. प्रमुखांचा चेहरा खर्रकन उतरला. संचालक मागे वळून मॅडमकडे बघू लागले. मॅडम सावकाश उभ्या राहिल्या, कोट नीट केला, मधल्या बटणावरून एकदा हात फिरवला. हा क्षण त्यांनी चार वर्षं मनात घोळवला होता.

चावीवालीने पान आणखी खाली सरकवलं.

चौदा वर्षांपूर्वी. मूळ फाइल: असाइनमेंट, 'आईचा बटणांचा डबा'. जमा करणारी विद्यार्थिनी: हजेरी क्रमांक ४७. त्याखाली मॅडमचा शेरा: "हे तुझं स्वतःचं काम वाटत नाही. नापास."